गुहेतला केर

मामांनी उभ्या जन्मात घरी झाडू हातात धरला नव्हता. जिथे चहा प्याले तिथेच कप ठेवून उठणारा माणूस! आणि आज त्यांनी अख्खी गुहा झाडली, तीही कानाकोपऱ्यासकट.

भाची सकाळी फळी आणि कागद काखोटीला मारून डोंगर चढून आली, तेव्हा ते घाम पुसत उभे होते. "बघ, कशी लख्ख केली!"

तिने आधी जमिनीकडे पाहिलं. उत्खनन मामांचं आणि नकाशे भाचीचे, अशी त्यांची वाटणी होती. मामांना हवी असायची ती दगडाची देखणी हत्यारं, काचेच्या कपाटात शोभतील अशी. घडवताना उडालेल्या कपच्यांना ते सरळ कचरा म्हणत. पण या थरात विझलेल्या चुलीशेजारी कपच्यांचा अर्धगोल सडा पडला होता आणि त्याच्या मधोमध, एक माणूस बसेल एवढीच जागा कोरी होती. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे शेकत बसून दगड घडवला आणि उठून गेलं. संशोधन मंडळातले विद्वान म्हणत होते, या गुहेत कुणी राहिलंच नाही, हत्यारं पावसाच्या लोंढ्याबरोबर वरून वाहून आली. त्यांची तोंडं बंद करायला ती बसल्याची खूण पुरेशी होती. काल उजेड असेतो तिने एकेक कपची जागच्या जागी कागदावर उतरवली होती. निम्मं काम राहिलं होतं.

"मामा, इथल्या कपच्या कुठायत?"

"तो केर? राखेसकट दिला दरीत फेकून. फोटोग्राफर यायचाय ना! मंडळाला काय उकिरड्याचा फोटो दाखवायचा?"

"केर?" तिचा आवाज चढला. "अहो, तोच तर पुरावा होता! इतकी वर्षं त्या माणसाची जागा कुणी हलवली नव्हती. तुम्ही फोटोसाठी झाडून टाकलीत?"

"ओरडू नकोस. राहिलेलं काढ की अंदाजाने. तुझा हात इतका छान आहे, कुणाला कळणार आहे?"

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. झाडणं एक वेळ मूर्खपणात खपलं असतं. आता खोटं काढायला सांगत होते, आणि तेही लाडीगोडी लावून! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

डबा घेऊन आलेली मामी सगळं ऐकत होती. "एवढी हौस घरी कधी दाखवली नाहीत ती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नकाशा मामांच्या टेबलावर आला. डावीकडे निम्मी चूल, निम्मा सडा, कपचीन् कपची जागच्या जागी. उजवीकडे कोरा कागद आणि त्यावर शाईने ठसठशीत लिहिलेलं : 'हा भाग उत्खननप्रमुखांनी फोटोसाठी झाडला.'

मामा लालबुंद झाले. "नकाशात असं कुणी लिहितं का? फाडून टाकीन हा!"

"फाडा ना," भाची म्हणाली. "पण तो माणूस आता एवढ्याच कागदावर उरलाय."

मामांनी कागद फाडायला धरला आणि परत टेबलावर ठेवला. फाडला तर विद्वान जिंकत होते.

मंडळाच्या बैठकीत तो नकाशा त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. त्या ओळीसकट.