अकरा जणांची फळी

"दोघं कुठायत?" जाँटी बर्केटने विचारलं. कपडे बदलायच्या खोलीत कुणी वर बघेना.

"नॉटिंगहॅमला गेले, कोच," मागून कुणीतरी म्हणालं. "तिकडच्या खाणीत घेतलं त्यांना. काल संध्याकाळीच निघाले."

उत्तर इंग्लंडात, कंबरलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावातली कोळशाची खाण हिवाळ्यात बंद पडली होती. जाँटी तिथे मुकादम होता. आता घरीच असे. रग्बीचा संघ तेवढा हातात उरला होता. तेरा गड्यांच्या जागी आज अकरा. पंच दारातून डोकावला, "सामना सोडून देताय का?"

"खेळायला आलोय," जाँटी म्हणाला.

त्याने पोरांना जवळ घेतलं. "सबंध मैदान अडवायला जाल तर प्रत्येकाच्या शेजारी भगदाड पडेल. आपण दाटीनं उभं राहायचं. लांबचा कोपरा मोकळा सोडा. चेंडू तिकडे गेला की सगळ्यांनी मिळून सरकायचं, त्याला बाहेरच्या रेषेकडे रेटायचं. ती रेषा आपल्याच बाजूनं खेळते. पण एकट्यानं फळी सोडून पुढं पळायचं नाही. कळलं, ॲलन?"

ॲलन टिनियन कप्तान होता आणि जाँटीचा जावईही. "मलाच का दरवेळी?"

"कारण तुलाच दम धरवत नाही, लेका!"

पोरं हसली.

"आणि चेंडू आपल्याकडे आला की मधूनच घुसा. दांडग्यांनी दोन-दोन पावलं का होईना, पुढं रेटायचं. सहाव्या पकडीला चेंडू त्यांना द्यावा लागतो, त्याच्या आत लांब लाथ, थेट त्यांच्या कोपऱ्यात. जाऊ देत त्यांना सगळी वाट परत चालत."

शेजारच्या गावचा संघ ताज्या दमाचा होता. तरी मध्यंतराला जाँटीची पोरं पुढे होती. समोरचे चिडून कोपऱ्याकडे चेंडू फेकत आणि अकरा जणांची फळी एकत्र सरकून त्यांना रेषेबाहेर ढकलत असे. जाँटी कडेने चालत ओरडत राहिला, "आत! आत राहा!" त्याचा आवाज बसला.

उत्तरार्धात पाय जड झाले. आघाडी जेमतेम दोन गुणांवर आली. अखेरच्या मिनिटांत चेंडू पुन्हा कोपऱ्याकडे निघाला. तिथला त्यांचा पोरगा अगदी मोकळा होता. फळी सरकू लागली. ॲलन मात्र एकटाच सुसाट बाहेर धावला. पोराने चेंडू आत परतवला. ॲलनने सोडलेल्या जागेतून त्यांचा गडी सरळ आत शिरला आणि त्याने चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. सामना हातचा गेला.

खोली रिकामी झाल्यावर ॲलन बूट न काढता बसून राहिला.

"त्याला एकटं धावताना बघवेना," तो म्हणाला. "वाटलं, गाठेन."

"गाठलं असतंस, दहा वर्षांपूर्वी."

ॲलन हसला नाही. "जाँटी... सोमवारी ट्रक येतोय आमचा. मलाही नॉटिंगहॅमला काम मिळालंय. शीला तुम्हाला सांगणार होती, तिला धीर होईना."

जाँटीने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर समुद्राकडचा वारा सुटला होता. मुलगी, आणि तिच्या पोटातलं पहिलं नातवंड.

"कामावर घेतायत ना नीट? कायमचं?"

"हो."

"मग जा." तो खाली वाकला, ॲलनच्या बुटाची चिखलाने घट्ट बसलेली गाठ सोडवू लागला. "तिला म्हणावं, बापाला घाबरतेस काय! आणि जड सामान उचलू देऊ नकोस तिला."

मंगळवारी सरावाची वेळ झाली तेव्हा मैदानावर संघातली दोन पोरंच आली होती; बाकीचे कामाच्या शोधात पांगले होते. त्यांतला थोरला म्हणाला, "कोच, दोघांत फळी कशी करायची? चला, एकेक बियर घेऊ."

जाँटीने अंगातला कोट काढून कुंपणावर टाकला. दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून अंतर पाहिलं.

"थोडं जवळ या," तो म्हणाला. "हं. आता पुढं. सगळे एकदम."

आणि समोर कुणी नसलेल्या मैदानावर ते तिघे एका रेषेत पुढे निघाले.