समोरचीचे पाच तारे

जिना एकच, मजला एकच, खिडकीतून येणारं ऊनसुद्धा एकच. मग पाहुणे फक्त समोरचीकडेच का, हे मला कुणीतरी सांगा!

घरातली एक खोली प्रवाशांना दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं द्यायला आम्ही दोघींनी बरोबरच सुरुवात केली. तिच्या दारात चाकांच्या बॅगांची घरघर थांबत नाही, माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. तिनं पिवळे पडदे लावले, मीही लावले. तिनं उशाशी दिवा ठेवला, मी त्याहून मोठा ठेवला. तरी मोबाइलवर तिला पाचच्या पाच तारे. मला मात्र एका मेल्यानं तीन देऊन वर लिहिलं, 'खोली स्वच्छ, पण मालकीण सारखी दारात.' अरे, घर माझं, दारात मी नाही तर कोण उभं राहणार?

"जळतेस तू," नवरा म्हणाला.

"जळतेच! तुम्ही हात शेकून घ्या."

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. कामासाठी ती दर दोन-तीन महिन्यांनी इकडे येते आणि माझ्याकडेच उतरते. माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"या खेपेला समोरचीकडे खोली घे," मी म्हणाले. "पैसे मी देते. राहा, आणि एकच तारा दे. लिही, गादी टोचते."

"खरंच टोचते का गं ताई?"

"टोचेल की. शोध तू!"

ती आली तेव्हा मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी होते. समोरचं दार उघडलं, मिटलं, आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. माझ्या बहिणीला एवढं हसवायचं काय कारण होतं त्या बाईला? मला दिवसभर काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्याकडे चहाला आली.

"तिनं मला दारातच ओळखलं," ती म्हणाली. "म्हणाली, तुम्ही समोरच्या ताईंच्या बहीण ना? त्यांची खोली भरलेली दिसतेय."

"मग?"

"हो म्हणाले. तुझी अब्रू राखली."

"आणि तारा?"

तिनं मोबाइल पुढे केला. पाच! फितूर कुठली! खाली लिहिलं होतं, 'या गावात मी नेहमी येते. यंदा पहिल्यांदाच इथे पलंगावर झोपले.'

मी ते दोनदा वाचलं. खोली भाड्याची झाल्यापासून धाकटी आली की मी तिला हॉलमध्ये जमिनीवर गादी घालत होते. बुकिंग कधीही येईल, चादर चुरगळायला नको, म्हणून. बुकिंग यायचं नाही, आणि ती सकाळी कंबर धरून उठायची. ते मला दिसत नव्हतं असं नाही.

मी उठले आणि खोलीचं दार उघडलं. चादर ताठ, एक सुरकुती नाही.

"आज इथे झोप," मी म्हणाले. "हो, पलंगावर. बुकिंग गेलं खड्ड्यात."

"अगं, आधी सांगायचंस ना," धाकटी कप विसळत म्हणाली. "मी तिच्याकडेच आणखी दोन दिवस वाढवले. माझ्या पैशांनी."

ती गेली. मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. तिला बेल वाजवावी लागली नाही, समोरचीनं तिला किल्ली देऊन ठेवली होती.