मध वाहत नाही म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोड आठवणी ऐकायच्या असतील तर दुसरीकडे जा.

महाबळेश्वरच्या सुरय्याबींनी मला साताऱ्याच्या बाजारातून आणलं. त्या मधपाळ. पेट्यांतला मध स्वतः काढायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि माझ्यात भरायच्या. उन्हाळ्यात मला कलती केली की अशी धार उतरायची, की गिऱ्हाईक कौतुकानं बघत राहायचं. थंडीत मध गोठून दाणेदार झाला, की तीच माणसं नाक मुरडायची. अहो, थंडीत तुम्ही नाही का गोधडीत मुटकुळं करून पडत? मग मधानंच बारा महिने पळत सुटायचं का?

दुकानात बसायचा त्यांचा मुलगा मुजीब. त्याची जीभ मात्र कुठल्याही हवेत वाहती. गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो.

गेल्या डिसेंबरात एका हॉटेलचा मॅनेजर आला. मध पसंत पडला तर सुरय्याबींचा वर्षाचा सगळा माल तो घेणार होता. त्यानं मला उलटी केली. मध हलला नाही. यात साखर आहे, असं तो सरळ तोंडावर म्हणाला. साखर! सुरय्याबींनी शांतपणे सांगितलं, की बरणी दुपारपर्यंत उन्हात ठेवते, मग बघा. आणि त्या उन्हाची जागा बघायला मागच्या दारी गेल्या.

मॅनेजरला घाई होती. मुजीब हसून म्हणाला, "व्हय साहेब, ह्या खेपेला पडली असंल थोडी साखर. थांबा, आत्ता पातळ करतो."

त्यानं मला उचललं आणि चहाच्या उकळत्या पाण्यात बसवलं. गारठलेली काच ती! ओठापासून तळापर्यंत तडा गेला. मध फळीवरून ओघळत मॅनेजरच्या बुटांपर्यंत गेला. तो बूट पुसून निघून गेला.

मागच्या दारात सुरय्याबी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बरणीचं काय न्हाई रं," त्या म्हणाल्या. "मध खरा हाय, ह्ये तुला ठावं हाय. मग व्हय कशापायी म्हनलास?"

मुजीब फडकं घेऊन खाली बसला आणि पुसत राहिला.

आता दुकानात त्या स्वतः बसतात. मी माळ्यावर पडून आहे.

मित्रांनो, मध गोठला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा आणि जरा दम धरा. आणि तुमच्या आईच्या कष्टाला कोणी खोटं म्हणालं, तर निदान तिथे तरी पातळ होऊ नका.