एकट्याची फटफटी

मी एक फटफटी बोलतेय. आवाज कुठून येतोय म्हणून समोर बघाल तर मी दिसायची नाही. जरा वाका. माझी उंची तुमच्या गुडघ्याच्या थोडी वर. हँडल दुमडलं आणि बैठक खाली दाबली की मी तांदळाच्या पोत्याएवढी होते.

जन्म विलायतेतला, लढाईच्या दिवसांतला. विमानातून छत्रीने उतरणाऱ्या शिपायांसोबत मला लोखंडी नळकांड्यात घालून खाली सोडायचं, असा बेत होता. ते उतरणं माझ्या वाट्याला आलं नाही. लढाई संपली आणि मी लष्करी भंगारात मुंबईच्या बंदराला लागले. लिलावात एकाने घेतलं, त्याच्याकडून दुसऱ्याने. एक्कावन्न साली महाडच्या श्रीधररावांनी मला सायकलीहून जरा जास्त किमतीत विकत घेतलं. स्वस्त मिळाले, कारण माझ्याबरोबर ना पुस्तक होतं, ना माझा एखादा सुटा भाग कुठे मिळेल याची खात्री.

श्रीधरराव देवीडॉक्टर. लोक डॉक्टर म्हणत एवढंच. काम गावोगाव फिरून देवीची लस टोचायचं. पोलादपूरपासून वर उमरठपर्यंतच्या वाड्या त्यांच्याकडे होत्या. पायी जाता-येता घरी पोचायला दोन-दोन दिवस लागत. घरी बायको एकटी, मूलबाळ नाही. लवकर घरी येता यावं म्हणून मला आणलं.

मला किक नाही. गिअर नाही. ब्रेक मागच्या चाकाला तेवढा. टाकी इंजिनाच्या खाली असल्यामुळे निघण्याआधी छोट्या पंपाने तिच्यात हवा भरायची, आणि मग मला ढकलत पळायचं. इंजिन फुटफुटलं की उडी मारून बसायचं. श्रीधरराव अंगाने जड. पळता पळता उडी मारणं त्यांना जमेना. मग मागून प्रमोदिनीबाई ढकलत. पदर खोचून, दहा-पंधरा पावलं. मी सुरू झाले की त्या तिथेच कमरेवर हात ठेवून दम खात उभ्या राहत.

आळीत हा रोजचा तमाशा होता. समोरच्या सरोजवहिनी खिडकीतून म्हणायच्या, "अहो प्रमोदिनीबाई, नवऱ्याला घालवायची किती ती घाई!"

"घालवते म्हणून तर संध्याकाळी परत येतात," त्या म्हणायच्या. "तुमचे चावडीवरून उठत नाहीत ते!"

माझ्यामुळे श्रीधररावांचं एक काम सोपं झालं आणि दुसरं अवघड. माझा आवाज डोंगरात मैलभर आधी पोचे. "फटफटी आली गो, पोरं लपवा!" अशी हाळी वाडीत फिरे आणि आम्ही पोचेपर्यंत अंगणात फक्त कोंबड्या उरत. शेवटी श्रीधरराव मला वाडीच्या अलीकडे फणसाखाली ठेवून पायी जाऊ लागले. त्यामुळे माझा बराचसा दिवस एकटीचा जाई. मला त्याचं वाईट वाटत नसे. परतताना मी किती जोरात वाजले तरी कुणाला लपायचं नसायचं.

मला बैठक एकच. मागे कुणी बसेल अशी सोयच नाही. प्रमोदिनीबाई कधीकधी ओट्यावरून माझ्याकडे बघून म्हणत, "हिच्यावर मला कधी नेणार?" श्रीधरराव हसत. सात वर्षांत त्या माझ्यावर एकदाही बसल्या नाहीत. त्यांनी मला फक्त ढकललं, पुसलं, आणि खाऊपिऊ घातलं.

त्या खाऊपिऊची गोष्ट श्रीधररावांना ठाऊक नव्हती.

मला महाडात आणलं त्या दिवशी ते फिरतीवर होते. मोटारदुरुस्ती करणारा दत्ताराम मला घरी घेऊन आला, आणि माझी देखभाल त्याने प्रमोदिनीबाईंना समजावली. माझ्या जातीच्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळून द्यावं लागतं. दत्तारामने अंदाजाने प्रमाण सांगितलं. त्या प्रमाणाने मी धूर फार सोडायचे. प्रमोदिनीबाई प्रत्येक खेपेला थोडं थोडं कमी करत गेल्या. एक लहानशी पितळी वाटी त्यांनी मापाला ठेवली होती. दत्ताराम पेट्रोलचा डबा आणून देई. त्या बाटल्या भरत, वाटीने तेल घालत, बूच लावून हलवत आणि चार बाटल्या ओट्यावर ओळीने मांडून ठेवत. श्रीधरराव सकाळी त्यातली एक उचलून टाकीत ओतत. पेट्रोल असंच येतं, असा त्यांचा समज.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात प्रमोदिनीबाईंना नवज्वर झाला. तीन आठवडे मी जागची हलले नाही. एकदा पहाटे घरात माणसं आली, आणि दुपारपर्यंत घर रिकामं झालं.

तेराव्याला त्यांच्या वापरातली लुगडी आणि भांडी त्यांच्या नावाने द्यायची होती. श्रीधररावांनी सगळ्याचं एक गाठोडं बांधलं. आत काय काय आहे ते पाहिलं नाही. प्रमोदिनीबाईंकडे नेहमी येणारी, आजारपणात उशाशी बसलेली सव गावची बनुबाई दाराशी उभी होती. गाठोडं त्यांनी तिच्या हातात दिलं.

मग ते कामावर निघाले. मला ढकलायला कुणी नव्हतं. तळ्याकडच्या उतारापर्यंत ते मला हाताने लोटत नेत, आणि उतारावर बसून सोडून देत. ओट्यावर चार बाटल्या होत्या त्या संपल्या. मग मोटारी थांबतात तसे ते मला घेऊन पेट्रोलच्या पंपावर थांबले आणि टाकी भरून घेतली.

पोलादपूरच्या अलीकडच्या चढावर माझ्या पोटात कोरडं कोरडं होऊ लागलं. मी ओरडले, पण माझं ओरडणं त्यांना नेहमीसारखंच ऐकू आलं असणार. एकदम कर्र झालं, मागचं चाक जागीच घट्ट बसलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर आडवी झालो. त्यांचं कोपर फुटलं. माझं इंजिन जाम झालं होतं. एस.टी.च्या टपावरून मी महाडला परत आले.

दत्तारामने मला उघडलं आणि मान वर केली. "डाक्टर, तेल नाय घातलंत?"

"कसलं तेल?"

दत्ताराम त्यांच्याकडे बघत राहिला. "वैनी घालायच्या ना? बाटलीत? दर बाटलीला?"

श्रीधरराव शेजारच्या खोक्यावर बसले.

दत्तारामने चार दिवस खपून मला मोकळं केलं. "ह्या टायमाला सुटली. आता परत अशी धरली तर भंगारच. हिचे भाग कुठं मिळत नाय."

"किती घालायचं ते सांग. मी लिहून घेतो."

"मी सांगितलेलं त्यांनी कधीच मोडीत काढलं. त्यांची वाटी व्हती पितळी. पोचा आलेली. तिच्यात बरोबर बसायचं बगा."

ती वाटी गाठोड्यातून गेली होती.

आठ दिवस श्रीधररावांनी मला ओट्याखाली ठेवलं आणि पायी फिरती केली. नावाने दिलेली वस्तू मागायला जायचं कसं? दत्तारामला दुसरा अंदाज बांधून देता आला असता, पण त्यांनी त्याला विचारलं नाही. रविवारी त्यांनी दोन बाटल्या पेट्रोल आणि तेलाचा डबा पिशवीत घातला, मला हँडलला धरलं आणि ढकलत सवच्या वाटेला लागले. मला नेलं नसतं तरी चाललं असतं. पण माझ्यासाठी आलोय असं सांगता यावं, म्हणून नेलं असावं.

बनुबाईचा नवरा कुशाबा अंगणात सुंभ वळत होता. "या डाक्टर! आज फटफटी तुमच्यावर बसलीय काय?"

श्रीधरराव हसले. बसले. चहा आला. भात कसा आहे, गुरं कशी आहेत, सगळं विचारून झालं. आत बनुबाई नातवाला पेज भरवत होती ती त्याच वाटीने. चिंचेने घासून तिने ती सोन्यासारखी केली होती. श्रीधररावांनी ती पाहिली आणि नजर वळवली. मग उठून माझं हँडल धरलं.

"येतो मी."

"डाक्टर," बनुबाई उंबऱ्यात आली, "ती लोखंडी घोडी इथवर लोटत आनलीत, ती चा प्यायला?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, खाली बघत. चढ, तेल, वाटी.

बनुबाई आतून वाटी घेऊन आली. "ही मी माघारी देनार नाय," ती म्हणाली. "तिच्या नावानं दिलेलं तिला पोचलंय. माघारी घेतलं तर तिच्या हातातनं काडून घेतल्यागत व्हईल. तुमास्नी चालंल?"

"नाही," श्रीधरराव म्हणाले.

"मग बाटल्या द्या हिकडं."

तिने वाटी धुतली, पुसून कोरडी केली. "कडेपत्तूर नाय भरायची. ह्या पोच्यापत्तूर. मी बगितलंय तिला." तेल ओतलं, बूच लावलं आणि बाटली दोन्ही हातांनी हलवली. प्रमोदिनीबाई हलवत तश्शी. "दर रविवारी आना. मी घालून दीन."

श्रीधररावांच्या पिशवीत औषध मोजायचा खुणांचा काचेचा पेला होता. तो त्यांनी बाहेर काढला. वाटीत पोच्यापर्यंत पाणी घेऊन ते त्यात ओतून बघितलं असतं, तर आकडा कळला असता आणि सवला पुन्हा यायचं कारण उरलं नसतं. पेला हातात धरून ते थोडा वेळ उभे राहिले. मग रुमालात गुंडाळून तो त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवला.

कुशाबाने त्या दिवशी मला मागून ढकललं. फार जोरात. पण मी सुरू झाले.

सहा वर्षं आम्ही दर रविवारी सवला गेलो. बनुबाईने त्यांना दुसरं काही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बाटल्या भरायच्या, चहा घ्यायचा, निघायचं. आठवड्यात त्यांच्याशी कामाशिवाय बोलणारं घर तेवढं एकच होतं.

आता माझ्या मापाचे टायर मिळेनासे झालेत. पुढचं चाक चिंध्यांनी बांधलंय. श्रीधररावांची बदली झालीय, आणि महाडातल्या घरी मला बघायला गिऱ्हाइकं येऊन जातात. विकू नका असं मी म्हणणार नाही; एकट्या माणसाने तरी मला किती दिवस सांभाळायचं. जो कुणी घेईल त्याला एवढंच सांगते, की तेलाचं प्रमाण कुणाला विचारू नका. आकडा कुणालाच ठाऊक नाही. बाटल्या घ्या आणि सवला जा. कुशाबाचं घर कुणीही दाखवील. रविवारी दुपारी बनुबाई घरीच असते.