घासत नाही

अकोल्यात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या गीतांजलीने प्रबंधासाठी माहेरचं वलगाव निवडलं, तेव्हा तिची आई तानुबाई तोंडाच्या कॅन्सरने जाऊन वर्षही झालं नव्हतं. प्रश्न साधा होता. गुडाखू, म्हणजे डबीतला तो तंबाखूचा काळा लगदा, दातांना घासण्याचा आणि तोंडात कॅन्सरआधी उमटू शकणारा पांढरा चट्टा असण्याचा काही संबंध आहे का? घासते, घासत नाही. चट्टा आहे, चट्टा नाही. अशा चार चौकटी. संबंध नसता तर प्रत्येक चौकटीत किती बाया पडल्या असत्या ते काढायचं, आणि प्रत्यक्षातले आकडे त्यापासून किती लांब आहेत ते काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रातल्या कसोटीने मोजायचं.

आकडे लांब नव्हतेच. संबंध आहे म्हणायला उत्तर ३.८४ च्या वर जायला हवं होतं, ते निम्म्यावरही पोचलं नाही. संबंध दिसला नाही असं लिहून टाका, तोही निष्कर्षच असतो, असं प्रबंधाचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले.

चट्टे खरे होते. ते तिने स्वतः बॅटरी धरून पाहिले होते. खोटी होती ती उत्तरं. लेकीनं एकटीनं दारोदार फिरणं बरं दिसत नाही म्हणून थोरली चुलती गोदाकाकू प्रत्येक घरी सोबत आली होती. काकू खाटेवर टेकली की घरची सासूही येऊन बसायची, आणि सून पदर सावरत सांगायची, आपण नाही त्या डबीले हात लावत. आमच्या तानूनं तरी कधी सुपारी तोंडात टाकली का, म्हणत काकू मान डोलवायची. आणि गीतांजली मुकाट्याने 'घासत नाही'वर खूण करायची.

आईच्या पदराला येणारा गुडाखूचा वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता. डॉक्टर झाल्यावरही तिने आईला कधी तोंड उघड म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दोघींना त्या डबीबद्दल बोलावं लागलं असतं.

ती पुन्हा वलगावला गेली, काकूला न सांगता. चट्टा असलेल्यांनाच परत विचारलं तर उत्तर मनासारखं करून घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून सगळ्याच बायांना विचारायचं ठरवलं. पहिलं घर मागच्या गल्लीतल्या जमुनामावशीचं. मावशी एकटीच तुरीच्या शेंगा सोलत होती. गीतांजली शेजारी बसली. वाक्य ठरवून आणलेलं होतं.

"मावशी, माझी आई गुडाखू घासायची."

मावशीने शेंगा बाजूला सारल्या. "मले काय सांगतं बाई? मायी दाढ ठनके, तवा तुया मायनंच डबी देल्ली मले. तवापासून चालूच हाय."

आईने अजून कुणाला दिली होती, गीतांजलीने विचारलं. या गल्लीत जिचे दात दुखत तिले, मावशी म्हणाली; माय तुयी कोणाले नाही म्हणे का?

"आता रडून काहून राह्यली? पाय मायं तोंड." मावशीने आ वासला.

गीतांजलीने बॅटरी काढली. मागच्या वेळी लिहून ठेवलेला चट्टा आता गालाच्या आत खालपर्यंत उतरला होता. उद्याच अमरावतीला नेते, तुकडा काढून तपासायला लागेल, असं तिने सांगितलं. मावशी हो म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

ती बाहेर आली. शेजारच्या दारात सून उभी होती, मागे सासू. आत जाण्याआधी गीतांजलीने वाक्य मनात पुन्हा एकदा जुळवून पाहिलं. आता ते आधीपेक्षा लांब झालं होतं: माझी आई घासायची, आणि तुम्हालाही तिनेच दिली का?