यादीत नाव नसलेला फोन

मी एक जुना मोबाइल फोन आहे. वय विचाराल तर सहा वर्षे. माणसांमध्ये या वयाला शाळेत घालतात, आमच्यामध्ये खणात घालतात. माझे नशीब बरे म्हणून मी अजून कामाच्या टेबलावर आहे.

मित्रांनो, माझा स्वभाव मुळातच चौकस. भोचक म्हणालात तरी मी रागावणार नाही. ज्याला दोन कॅमेरे आणि तीन कान दिलेत, त्याने कशातच नाक खुपसायचे नाही म्हणजे फारच झाले! कारखान्यातल्या पट्ट्यावरून पुढे सरकत असतानासुद्धा मला प्रश्न पडायचे. तिथे पांढरी टोपी घातलेली एक बाई प्रत्येक फोनच्या कानात ‘एक, दोन, तीन’ म्हणायची आणि तेच आकडे परत ऐकू आले की शिक्का मारायची. ती चारपर्यंत का जात नाही, हे मला आजवर कळलेले नाही. माझ्यापुढे आणि मागे हुबेहूब माझ्यासारखी भावंडे होती. फरक एवढाच की पाठीवरच्या बारीक नंबरातले शेवटचे अक्षर कुणाचे एक, तर कुणाचे दुसरे. एका अक्षराने काय बिघडते, असे मला तेव्हा वाटले होते.

माझी पहिली मालकीण ताई. ती घरापासून फार दूर, समुद्रापलीकडच्या देशात फरश्यांच्या कारखान्यात काम करायची. भट्टीतून निघालेल्या फरश्या बोटाच्या पेराने ठोकून चिरलेली कुठली ते ओळखणे, हे तिचे काम. तिने मला एका मोबाइल कंपनीच्या दुकानातून करारावर घेतले. करार संपेपर्यंत मी त्याच कंपनीचा, म्हणून माझ्या पायात कुलूप होते. मला त्याचे काही वाटले नाही, कारण तिथले टॉवर मला ओळखत. मी जागा झालो की ते लगेच म्हणत, “ये, आलास का?” आणि बोलणे असो की निरोप, सगळे सुरळीत जाई. पाच वर्षे ताईने मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. करार संपला तेव्हा तिने आठवणीने दुकानात जाऊन माझे कुलूपही उघडून घेतले. आता मी मोकळा झालो, कुठेही चालेन, असे मला वाटले. ताईलाही तसेच वाटले.

त्याच सुमारास घरी तिच्या धाकट्या बहिणीचा फोन सुटे भाग धुण्याच्या रॉकेलच्या परातीत पडला. धाकटी शिलाई मशिने दुरुस्त करते. ताई सुट्टीवर आली, तिने स्वतःसाठी नवा फोन घेतला आणि मला धाकटीच्या हातात ठेवले.

काय घर होते ते! पुढची खोली म्हणजेच दुकान, रस्त्याच्या बाजूने सताड उघडी. मशिनांची मुंडकी उलटी करून ओळीने मांडलेली, त्यांच्या पोटातले दात वर आलेले. भिंतीला टांगलेले पट्टे, आणि सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. दाराजवळच्या खुर्चीत बाबा बसलेले. गिऱ्हाइके त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांत जंतू शिरून त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दाट पांढरट पडदा आला होता. त्यांना उजेड कळे, सावली कळे, त्यापलीकडे काही नाही.

पण दुकान बंद पडले नव्हते. बाबांनी एक पद्धत पाडली होती. मशीन बिघडले की गिऱ्हाइकाने ते चालवायचे, त्याचा आवाज फोनमध्ये भरायचा आणि पाठवून द्यायचा. धाकटी तो आवाज मोठा करून लावी, बाबा मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, “शटलला काही झालं नाही. दाताखाली धागा अडकलाय. सांग त्यांना, पट्टी काढून ब्रश मारा, मशीन उचलून आणायची गरज नाही.” निम्मी गिऱ्हाइके घरबसल्याच बरी होत. दुकानाला साधा फोन करायची कुणाला गरजच पडत नसे. जे काही बोलणे ते इंटरनेटवरून, आवाज पाठवून.

मी आलो आणि बाबा खूश झाले. “याचा आवाज स्वच्छ आहे गं. जुन्यात सगळी मशिनं सर्दी झाल्यासारखी वाजायची.” त्या दिवशी माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

तरी बाबांनी मला तसेच आत घेतले नाही. या दुकानात दुरुस्त केलेले कुठलेही मशीन तीन कापडांवर चालवल्याशिवाय बाहेर जात नाही: एक तलम, एक जाड आणि एक चार पदरी दुमडलेले. बाबा म्हणाले, “फोनलाही तीन कापडं दाखवा.” मग धाकटीने आपले सिम माझ्यात घातले आणि ताईने तीनदा फोन लावला. एकदा दुकानात, एकदा स्वयंपाकघरात, एकदा गच्चीवर. तिन्ही वेळा मी खणखणीत वाजलो. रेंजच्या काड्या पूर्ण. “पास!” बाबा म्हणाले.

शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण त्यांनी तिन्ही शिते एकाच भांड्यातली घेतली. ताई तिन्ही वेळा इंटरनेटवरूनच बोलली होती. या घरात सगळे तसेच बोलत, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेने लावून पाहावे हे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

आणि मला? मला काहीतरी खटकत होते. इथल्या टॉवरने मला अंगणात घेतले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिले नाही. निरोप घेई, चित्रे घेई, मशिनांचे आवाज घेई. साध्या फोनवरचे बोलणे पुढे केले की गप्प. मी तासातासाला विचारत राहिलो, “अहो, मी बोलू का?” तो ताकास तूर लागू देईना. माझ्या पडद्यावर रेंजच्या काड्यांशेजारी एक बारीकशी खूण उमटायला हवी होती, ती उमटत नव्हती. पण एखादी गोष्ट नाही, हे माणसांच्या नजरेला कसे आणून द्यायचे? मला तोंड आहे, पण ते दुसऱ्यांचे शब्द बोलण्यासाठी.

आता अडचण काय होती ते ऐका. बाबांचे नाव इस्पितळाच्या नेत्रपेढीच्या यादीत होते. कुणी मरणोत्तर डोळे दिले की यादीतल्या माणसाला फोन जाई. काही तासांत होकार द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल व्हायचे. तिथे दिलेला नंबर धाकटीचा होता. दोन वर्षे वाट पाहून बाबांचा क्रमांक पहिला आला होता. म्हणून धाकटी मला डोळ्यांत तेल घालून जपे. माझी बॅटरी निम्म्याखाली जाऊ देत नसे. अंघोळीला गेली तरी मी बाहेर बाबांच्या मांडीवर.

मी आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पत्र आले. धाकटीने ते मोठ्याने वाचायला घेतले. मंगळवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत आपणांस चार वेळा दूरध्वनी केला, संपर्क होऊ शकला नाही, उपलब्ध बुबुळ पुढील रुग्णास देण्यात आले. पुन्हा संपर्क न झाल्यास आपले नाव यादीतून वगळण्यात येईल.

“खोटं आहे हे!” धाकटी ओरडली. “मंगळवारी फोन दिवसभर माझ्या खिशात होता. रेंज पूर्ण! फोन केलाच नाही आणि वर आपल्यावर ढकलतायत. चोराच्या उलट्या बोंबा!”

समोरच्या मशीनचे चाक बाबा हाताने नुसतेच फिरवत राहिले.

धाकटी तडक इस्पितळात गेली. नेत्रपेढीच्या टेबलामागे एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे जाड वही आणि जुना तारेचा फोन. धाकटीने त्यांना नको नको ते ऐकवले. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि वही तिच्याकडे फिरवली. चार वेळा, चार नोंदी. मग म्हणाल्या, “बाई, आता तुझ्यासमोर लावते. हातात धर तुझा फोन.”

त्यांनी एकेक आकडा दाबला. धाकटीने मला समोर धरले. माझ्या काड्या पूर्ण होत्या. मी कान टवकारून थांबलो, टॉवरच्या विनवण्या केल्या. काहीच आले नाही. मावशींनी रिसीव्हर धाकटीच्या कानाला लावला. आतली बाई गोड आवाजात सांगत होती की हा ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिने मला आपटले असते तर मला बरे वाटले असते. तिने मावशींची माफी मागितली, शेजारच्या शिंपीणबाईंचा नंबर वहीत लिहून दिला आणि मला घेऊन थेट आपल्या सिमच्या मोबाइल कंपनीच्या दुकानात गेली.

तिथे चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीवरचा बारीक नंबर संगणकात घातला आणि मान हलवली. “हे मॉडेल आमच्या यादीत नाही.”

“म्हणजे बिघडलाय?”

“छे, फोन छान आहे. आमच्याकडे याच्यावर साधा कॉल येत-जात नाही, एवढंच.”

“अहो, पण इंटरनेट चालतं! कुलूपसुद्धा उघडलंय याचं.”

“कुलूप उघडलं म्हणजे सिम बसतं. पुढचं काही सांगता येत नाही. पूर्वी आवाजाचा रस्ता वेगळा होता, तो आम्ही मागच्या वर्षी बंद केला. आता आवाज इंटरनेटच्याच रस्त्याने जातो, पण आम्ही तपासलेल्या फोनांनाच तिथे सोडतो. हा दुसऱ्या देशासाठी बनवलेला. शेवटचं अक्षर बघा ना. याच्याच जोडीचा इथला फोन असता तर चालला असता.”

मित्रांनो, तीन आठवडे टॉवरला जे विचारून मी थकलो होतो, त्याचे उत्तर असे एका मिनिटात मिळाले. इतर कुठला दिवस असता तर मला किती आनंद झाला असता!

“हे आधी का नाही सांगितलंत?” धाकटीने विचारले.

“तुम्ही विचारायला आलाच नाहीत,” त्या बाई म्हणाल्या. त्या उद्धटपणे बोलल्या नाहीत. खरे तेच बोलल्या.

दुसऱ्या कंपनीकडे मी कदाचित चाललो असतो, पण नंबर तिकडे नेताना मध्ये तो काही वेळ बंद राहिला तर? धाकटीला आता एक तासही नको होता. तिने त्यांच्या यादीतला एक साधा बटणांचा फोन घेतला आणि माझ्या पोटातले सिम काढून त्याच्यात घातले. तिथेच उभे राहून दुकानाच्या तारेच्या फोनवरून दोनदा लावून पाहिले. दोन्ही वेळा तो बोंब मारल्यासारखा वाजला.

घरी येऊन तिने बाबांना सगळे सांगितले. “माझी चूक झाली, बाबा.” ती रडायला लागली.

“परीक्षा मी घेतली होती,” बाबा म्हणाले. “पास मी म्हणालो. तुझी कशी चूक?” मग त्यांनी विचारले, “ते बुबुळ वाया तर नाही ना गेलं?”

“नाही. पुढच्या नंबरच्या बाईंना बसवलं.”

“दिसतं त्यांना?”

“दिसायला लागलंय म्हणाल्या मावशी.”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले आणि मशीनचे चाक फिरवायला लागले. मी खूप माणसे ऐकली आहेत, पण ज्याच्या हातातून इतके निसटले, त्याने पहिल्यांदा असा प्रश्न विचारलेला मी एकदाच ऐकला.

मला त्यांनी टाकले नाही. घरच्या इंटरनेटवर मी मशिनांचे आवाज घेत राहिलो. माझ्या शेजारी तो बटणांचा फोन पडलेला असे. अक्कल म्हणाल तर यथातथाच. चित्र पाठवता येईना, गाणे म्हणता येईना. सुरुवातीला मी त्याला पाण्यात पाहायचो. पण टॉवर त्याच्याशी दोन शब्द बोले, ते माझ्याशी बोलत नसे.

सात आठवडे गेले. एका दुपारी धाकटीचे दोन्ही हात कोपरापर्यंत मशीनच्या पोटात असताना तो वाजला. धाकटी जागच्या जागी गोठली. बाबा मात्र उठले, आवाजाच्या दिशेने टेबल चाचपत आले. त्यांचा हात आधी माझ्यावर पडला. मला बाजूला सारून त्यांनी शेजारच्याला उचलले.

“हॅलो. हो, मीच बोलतोय. उद्या सकाळी आठला? अहो, तुम्ही म्हणत असाल तर आजच येऊन बसतो!”

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली तेव्हा आधी नुसते धुके दिसले आणि घरात सगळे धास्तावले. महिनाभरात ते विरत गेले. मग एका रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी मला हातात घेऊन अगदी नाकाशी धरले. ताई हसत होती, आणि बाबा नुसते बघत होते.

“तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गं?” त्यांनी विचारले.

“झाले हळूहळू, बाबा.”

“मला कुणी सांगितलंच नाही.”

“त्यात काय सांगायचं?” ताई म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. बाबांनी अंगठा उचलला आणि पडद्यावर तिच्या डोक्यावरून हळूच फिरवला. तो भलत्याच बटणावर पडला आणि कॉल तुटला. धाकटीने पुन्हा लावून दिला. त्यांनी पुन्हा तेच केले. त्या दिवशी कॉल तीनदा तुटला.

त्या तुटण्याची मला मुळीच लाज वाटत नाही. त्या मंगळवारची वाटते. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. दुसऱ्याचा फोन घरी आणाल तेव्हा त्याच्या पाठीवरचा नंबर घेऊन आधी आपल्या मोबाइल कंपनीला विचारा, हा तुमच्याकडे बोलेल का? त्यांनी होय म्हटले तरी कुणा परक्याला साध्या फोनवरून एकदा तुमचा नंबर लावायला सांगा. आमच्या काड्यांवर जाऊ नका. टॉवर आम्हाला दिसतो, एवढेच त्या सांगतात. तो आम्हाला ओळखतो की नाही, ते त्या सांगत नाहीत. फोन वाजलेला स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कुणाचेही डोळे आमच्या भरवशावर ठेवू नका.