मत नाही

या मित्रांनो, जवळ सरका. अजून थोडे. माझा आवाज मोठा नाही. पुठ्ठ्याचा आवाज तो कितीसा असणार! मी तुम्हांला एका बाईची गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगता सांगता माझीही सांगून होईल. अट एकच. मधूनमधून ‘हं’ म्हणत राहा. ‘हं’ म्हणणारं कुणी नसलं की गोष्ट अर्ध्या वाटेत बसकण मारते.

मी एक जुना हातपंखा आहे. जाड पुठ्ठा आणि त्याला पिना ठोकून बसवलेली चपटी लाकडी दांडी, एवढंच माझं शरीर. माझ्या पोटावर नदीचं चित्र आहे. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका बाप्तिस्म्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभ्या आहेत आणि वरून कोवळं ऊन पडलं आहे. पाठीवर मात्र अंत्यविधी करणाऱ्या एका दुकानाचं नाव आणि फोन नंबर आहे. दचकू नका. शिकागोच्या पश्चिम भागात, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये, असे पंखे ही दुकानंच फुकट वाटत आली आहेत. आमच्या चर्चची व्यवस्था बघणारे म्हातारे डीकन रूफस प्रत्येक नव्या माणसाला पंखा देताना म्हणायचे, “सध्या वारा घ्या. पुढचं ते बघून घेतील.”

मराठी मी फार उशिरा शिकलो, शिकागोबाहेरच्या नेपरव्हिल या उपनगरातल्या एका स्वयंपाकघरात. ते पुढे येईलच.

माझं सगळं आयुष्य एका हातात गेलं. तो हात मदर पेटवे यांचा. अर्नेस्टीन पेटवे त्यांचं नाव; पण चर्चमधल्या वयानं आणि मानानं मोठ्या बाईला तिथे सगळे ‘मदर’ म्हणतात. दर रविवारी त्या पांढरी टोपी घालून पुढच्या बाकावर बसत, आणि मी त्यांच्या मुठीत असे.

मित्रांनो, आमच्या रेव्हरंड टॉलिव्हरांचं प्रवचन तुम्ही ऐकायला हवं होतं! आधी ते साधं बोलत, शेजाऱ्याशी कुंपणापाशी बोलावं तसं. मग एकेक शब्द लांबायला लागे. ओळीच्या शेवटी त्यांचा श्वास अडखळे, ऑर्गन हळूच त्या श्वासाखाली हात घाली, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतही नसे. कीर्तनात बुवा आख्यान सांगता सांगता चालीवर येतात ना, तसंच. एका माणसाच्या गळ्यातून देव इतक्या जवळून जातो, की पुठ्ठ्यालाही शहारा यावा.

पण ते गाणं एकट्या रेव्हरंडांचं नसे. प्रत्येक ओळीनंतर बाकांवरून उत्तर यायचं, “वेल...” ही मांडवावरची वेल नव्हे बरं का! तरी तीही चढतच जायची, या बाकावरून त्या बाकावर, थेट छतापर्यंत. त्या एका शब्दाचा अर्थ, ‘मी इथे आहे, मला लागलंय, तू पुढं बोल.’ मदर पेटव्यांची ‘वेल’ सगळ्यांत खोल होती. आनंदाची ओळ आली की मी त्यांच्या हातात फडफडायचो. आणि ओळ काळजाला भिडली की मी एकदम थांबायचो. पंखा थांबला की समजावं, मदर ऐकताहेत.

मग ती साथ आली.

तुमच्यातल्या मोठ्या मुलांना आठवत असेल. शाळा बंद झाल्या, चर्चही बंद झाली. आम्हां पंख्यांना खोक्यात भरून ठेवलं. मदरनी मला तेवढं पर्समध्ये घालून घरी नेलं. त्यांचा मुलगा लेमोंट शहराची बस चालवायचा. सगळे घरात बसले, तो बसू शकत नव्हता.

“मॉमा, टीव्हीवर मला अत्यावश्यक म्हणताहेत,” तो बूट चढवता चढवता म्हणाला. “इतकी वर्षं कुणी साधं गुड मॉर्निंग म्हणत नव्हतं.”

“मास्क दिला का तुला?”

“येतोय म्हणे.”

“मास्क येतोय, सरकारी मदतीचा चेक येतोय, प्रभूही येतोय,” मदर म्हणाल्या. “बघू कोण आधी पोचतं.”

मास्कच्या आधी ताप आला. एका इस्पितळानं लेमोंटला गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्याला श्वास पुरेना म्हणून तो पुन्हा गेला. त्यांनी पुन्हा पाठवलं. पुढच्या वेळी त्याला रुग्णवाहिकेनं नेलं, आणि मदरना दारातच अडवलं. कुणालाच आत सोडत नव्हते. एका नर्सनं त्याच्या कानाशी फोन धरला. पलीकडून फक्त यंत्राचा श्वास ऐकू येत होता, वर, खाली. मदर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्या प्रत्येक श्वासाला उत्तर देत होत्या. “वेल... वेल... वेल...”

मग पलीकडे काही उरलं नाही. मदरनी मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवरचा नंबर फिरवला.

मित्रांनो, तो नंबर मी जन्मभर पाठीवर वागवला होता. त्या दिवशी तो मला जड झाला.

त्यानंतर मदरना एकच गोष्ट हवी होती. लेमोंटचं जे झालं ते कुणीतरी विचारावं आणि आपण दिलेलं उत्तर मोजलं जावं. जवळ बसणारं माणूसच कुणी येत नव्हतं. त्यांचं स्वतःचं हृदय थकलेलं होतं, पण साथीमुळे तपासणीच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. पायांवर सूज येई. त्या म्हणत, “प्रभू, निवडणूक होईपर्यंत तरी चालव.”

भर ऑगस्टात चर्चच्या पार्किंगमध्ये घडीच्या खुर्च्या लांब लांब मांडल्या गेल्या. लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका संस्थेकडून मुलगी आली होती. तिचं नाव इला. ती नेपरव्हिलला वाढलेली, नोकरीत नवी, आणि मास्कच्या आत घामानं निथळत होती.

डीकन रूफसना तर प्रश्न संपायचीही कळ निघेना. “लस आली तर? मी रांगेत सगळ्यांत शेवटी. आधी सिनेटरांना टोचा, बघू कोण आडवं होतं! आणि पक्षांचं विचारताय? एक पक्ष आमच्याकडे फिरकत नाही. दुसरा येतो, आमचं चिकन खातो, चुकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवतो आणि चार वर्षं गायब होतो. मत मी त्यालाच देईन. पण चिकनचं दुःख आहे, लिहून घ्या!”

इला हसली. मग मदरकडे वळली. “मॅडम, या साथीत सरकारनं तुमच्यासारख्या लोकांसाठी पुरेसं केलं, असं तुम्हांला वाटतं का?”

मी थांबलो. त्यांच्या हातात, छातीपाशी, एकदम थांबलो.

“वेल...” मदर म्हणाल्या.

अहो, कुणीही ‘हं’ म्हणायला हवं होतं! एक ‘हं’, आणि लेमोंटचं सगळं बाहेर आलं असतं. पण इलाला शिकवलेलं होतं, की समोरच्याला उत्तर सुचवायचं नाही. ती थोडं थांबली आणि तिनं ‘मत नाही’ या रकान्यात खूण केली. पुढच्या प्रश्नाला पुन्हा “वेल...” आणि पुन्हा खूण.

ती उठली तेव्हा मदरनी तिचं ओलं कपाळ पाहिलं आणि मला पुढे केलं. “वितळशील, बेबी. घे, वारा घाल. पण परत आणून दे हं, तो माझा आहे.”

अशा रीतीनं मी नेपरव्हिलला आलो आणि फ्रिजवर जाऊन बसलो. तिथे इलाची आजी, सरला आजी, दिवसभर बोलत असत. कधी देवाशी, कधी भाजीशी. त्यांच्याकडूनच ही भाषा मी उचलली. एका संध्याकाळी इला लॅपटॉपवर मुलाखती पुन्हा ऐकत होती आणि आजी गवार मोडत बसल्या होत्या.

“ही बाई कोण गं?” आजींनी विचारलं.

“चर्चमधल्या. त्यांना काही मत नाहीये, आजी. सगळ्याला नुसतं वेल.”

“परत लाव.”

इलानं परत लावलं. आजींच्या हातातली गवार तशीच राहिली.

“अगं, ही हुंकार देतेय. मला इंग्रजी कळत नाही, पण हे कळतं. लहानपणी तू हं म्हटल्याशिवाय मी गोष्ट पुढे नेत नव्हते, विसरलीस? हिच्या पोटात काहीतरी आहे. पुढं विचार म्हणतेय ती. आणि तू उठून आलीस?”

“वी आर नॉट सपोज्ड टू लीड देम, आजी.”

“लीड नको करूस. बस तरी!”

इलाचा चेहरा उतरला. तिनं तिथूनच तिच्या वरिष्ठाला, प्रसादला, फोन लावला.

“इला, डेटा लॉक झालाय, यार,” तो म्हणाला. “आणि वेलला कॉलम कुठे आहे? आपण मतं मोजतो, सुस्कारे नाही.”

पाहणीचा निकाल टीव्हीवर आला. ‘वयस्कर कृष्णवर्णीय मतदार साथीबाबत उदासीन,’ असं एक हसरा माणूस सांगत होता. इलानं टीव्ही बंद केला. पंखा परत द्यायला आज जाते, उद्या जाते, असं करत महिने गेले होते. आता तिनं मदरना फोन लावला.

“पाहिलं मी, बेबी,” मदर म्हणाल्या. “मला मत नाही म्हणे. लेमोंटनं ऐकलं असतं तर हसून हसून बस फुटपाथवर घातली असती.” त्या हसल्या, आणि हसण्याचा खोकला झाला. “मतदानाच्या दिवशी ये. आमच्या चर्चच्या तळघरातच आहे. माझा पंखा आण.”

त्या दिवशी ऊन होतं, पण हवा बोचरी होती. रांग चर्चला वळसा घालून गल्लीत गेली होती. मदर घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. रांग सरकली की डीकन रूफस खुर्ची सरकवत. इलानं मला त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी लगेच वारा घ्यायला सुरुवात केली.

“नोव्हेंबरात पंखा, मदर?” डीकन म्हणाले. “आता स्नो मागवू का?”

“तू तुझं तोंड मिट, रूफस. तेवढाच गरम वारा कमी होईल.” पण मला ठाऊक होतं. त्यांना उकडत नव्हतं. त्यांना श्वास पुरत नव्हता.

सगळ्यांनी पुढे जायची विनवणी केली. त्या ऐकेनात. “लेमोंटनं जन्मभर रांगा लावल्या. मी ही एक लावीन.” शेवटी डीकनच आत गेले. चालवत नसेल त्याच्यासाठी मतपत्रिका बाहेर आणून देतात, ती मागायला.

इला खुर्चीपाशी जमिनीवर बसली. या वेळी हातात काही नव्हतं. “मदर, तेव्हा मी नीट ऐकलं नाही. सांगा ना.”

“वेल...”

“हं,” इला म्हणाली.

आणि मदर बोलू लागल्या. थांबत, श्वास गोळा करत. “हात धुवा म्हणाले. धुतले. आमच्या नळाला शिशाचे पाइप आहेत, ते कुणी धुवायचे? घरी राहा म्हणाले. मग त्यांना कामावर कुणी नेलं? माझ्या लेमोंटनं. लस घेणार का विचारलंस ना? घेईन. भीत भीत घेईन. ज्यांनी माझ्या पोराला दारातून परत पाठवलं, त्यांच्याच हातून घ्यायची आहे, म्हणून भीती. आणि वॉशिंग्टनवाल्यांचं मत विचारशील, तर... आम्ही त्यांना निवडणुकीलाच दिसतो. तरी मी आलेय. आमच्या ज्या वाडवडिलांनी मार खाऊन हा मताचा हक्क मिळवला त्यांच्यासाठी आलेय. रागावूनच आलेय, लिही तसं.”

“हं.”

“कुणी माझ्याशेजारी बसलंच नाही गं.”

“मदर,” इलानं हळूच विचारलं, “लेमोंट कसा होता?”

हा प्रश्न इतक्या महिन्यांत कुणी विचारला नव्हता. “वेल...” मदर म्हणाल्या, आणि मी थांबलो.

इला आता शहाणी झाली होती. पंखा थांबला म्हणजे मदर खोल गेल्यात, आठवताहेत, हे तिनं ओळखलं. ती हलली नाही. तिनं घाई केली नाही. “हं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, “हं.”

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर! त्या बोटांची ऊब माझ्या दांडीला एवढी वर्षं ठाऊक होती; ती आता निवत चालली होती. त्या वेळी मी ऐकण्यासाठी थांबलो नव्हतो. देवा, तू मला वारा दिलास, वाचा का नाही दिलीस?

तळघराच्या दारातून डीकन रूफस आणि एक अधिकारी बाई बाहेर आले. बाईंच्या हातात मतपत्रिका होती. “बघा मदर,” डीकन दुरूनच ओरडले, “तुमच्यासाठी अख्खा देश बाहेर चालत आलाय!”

ती मतपत्रिका कोरीच आत गेली. मदर पेटव्यांच्या नावापुढे पुन्हा तेच लिहिलं गेलं: मत नाही. रुग्णवाहिका त्यांना घेऊन निघाली तेव्हा रांगेच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, “वेल...” मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. वेल गल्लीतून चढत चर्चच्या दारापर्यंत आली. रांग मात्र कुणी सोडली नाही.

इलानं अहवालात दुरुस्ती मागितली. कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ आली. ती कुणी वाचली, मला माहीत नाही. इलानं मला परत घरी आणलं; मी पुन्हा फ्रिजवर आहे. माझ्या कडा सुटल्या आहेत, पिना गंजल्या आहेत. मला नीट ठेवा, असं मी म्हणणार नाही. पुठ्ठा आहे, जायचाच. पण कुणी तुमच्यापाशी ‘वेल’ म्हणून थांबलं, तर उठून जाऊ नका. बसा तरी.

आणि आज रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा एका बाईची आठवण ठेवा. तिचं नाव अर्नेस्टीन पेटवे. तिच्या मुलाचं नाव लेमोंट. तो कसा होता, हे सांगायचं तिचं राहून गेलं आहे. एवढं नाव घ्या, थोडं थांबा, आणि तिच्यासाठी एकदा म्हणा,

हं.